ऋतुजाकडे बघत बसण्याचा तास

ऋतुजाचं पत्र आलं तेव्हा ती संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात होती, आणि त्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही. लिहायला बसलो होतो. पहिलं उत्तर सरकारी खुलाशासारखं झालं. दुसऱ्यात मी तिच्याशी फार लाडानं बोलत होतो, ते तिला आवडलं नसतं. तिसरं बरं होतं, पण त्यात मी येतो म्हणतोय की येत नाही हे मलाच कळेना. ते उशीखाली ठेवलं आणि त्यावर झोपलो.

ऋतुजा ही माझ्या समोरच्या घरातल्या गुरुसिद्धप्पांची नात. वय नऊ. चुडाव्यात स्टेशनच्या रस्त्याला अप्पांचं किराणा दुकान आहे. मी पूर्णेच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. आता घरीच असतो आणि वाचत बसतो. गेल्या पावसाळ्यात त्या पोरीला रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांचा हा आजार बहुतेक वेळा बरा होतो, फक्त औषधं ठरल्याप्रमाणे पुरी व्हायला पाहिजेत. तेव्हापासून आमच्या गल्लीत सगळे जण ‘पुरी व्हायला पाहिजेत’ एवढंच धरून बसले होते.

पत्र असं होतं :

‘पुस्तकवाले आजोबांना नमस्कार. मी बरी हाय. केस गेले. पुढचं इंजेक्शन परभणीला द्यायचं ठरलंय, तेवढंच जवळ. या इंजेक्शनची एक कटकट हाय. ते काही जणांच्या अंगाला मानवत न्हाई. पहिल्यांदा काही झालं न्हाई तरी नंतर होऊ शकतं. म्हणून दिल्यावर तासभर कुणीतरी माझ्याकडं बघत बसावं लागतं. अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, ओठ सुजले, खोकला आला, की लगेच सिस्टरला हाक मारायची. आई बाळाला सोडून येऊ शकत न्हाई. पप्पा पुण्याला कंपनीत. आजी डोळे मिटून जप करती. आजोबा फोनवर साखरेचा भाव इचारतात. तुमी पुस्तकाकडं तास तास बघता. पापणी पण हालत न्हाई. मी खिडकीतून बघितलंय. तर माझ्याकडं बघायला याल का? लवकर कळवा. ता. क. मी पुस्तकापेक्षा बरी दिसते.’

आता यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पण मला वाटलं, या मुलीचा गैरसमज झालाय. पुस्तकाकडे बघणं वेगळं. पान वाचताना मला डुलकी लागली तर पानाला काही होत नाही. पान तिथंच थांबतं. शिवाय हाक मारायची होती. भर वॉर्डात, लोकांसमोर, मोठ्यानं. मी एसटीतसुद्धा ‘थांबवा’ म्हणायला लाजून पुढच्या फाट्यावर उतरलेला माणूस आहे.

तरीही सराव करून बघितला. घरातला रांजण समोर ठेवून त्याच्याकडे बघत बसलो. थोड्या वेळानं मला त्याच्यावर गांधी दिसायला लागल्या. मग दार लावून ‘सिस्टर!’ अशी हाक मारली. बाहेर शेजाऱ्यांची शेळी उठून उभी राहिली, आणि काही नाही असं बघून परत बसली.

मी विचार करत राहिलो, आणि इंजेक्शनचा दिवस उजाडला. दारात जीप. अप्पा पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं, हातात फोन असे उभे.

“चला बन्सीधरराव.”

“अप्पा, मी तर अजून कळवलं नव्हतं…”

“न्हाई म्हणलात का?”

“नाही म्हटलं नाही, पण…”

“मग झालं की. गिऱ्हाईक न्हाई म्हणत न्हाई तवर आमी माल बांधायलाच लागतो. बसा.”

मी बसलो. जीपमध्ये मागे ऋतुजाची आजी, महादेवीवहिनी होत्या, मांडीवर विभूतीची पितळी डबी. त्यांच्या शेजारी माकडटोपी आणि मास्क घातलेली ऋतुजा. तिचे फक्त डोळे दिसत होते, पण ती माझ्याकडे बघून हसतेय हे त्यावरून कळलं.

“उत्तर न्हाई पाठवलं तुमी,” ती म्हणाली.

“लिहीत होतो.”

“लय मोठं हाय का?”

मी खिडकीबाहेर बघितलं.

‘औषध अंगाला मानवत नाही’ ही बातमी गावात गेल्यापासून वहिनींचं काम वाढलं होतं. येणारी प्रत्येक बाई न मानवणारी एकेक गोष्ट सांगून गेली. कुणी वांगं म्हणालं, कुणी शेंगदाणे, कुणी चिंच. एकीनं निळा रंग सांगितला. वहिनींनी कुणाचं मन मोडलं नाही. सगळं बंद केलं. त्या दिवशी पोरगी वरणभातावर आणि पिवळ्या फ्रॉकवर होती.

“आजी, डॉक्टरांनी इंजेक्शनचं सांगितलं. वांग्याचं कुठं सांगितलं?”

“वांगं काय कमी हाय का? तुझ्या आज्याला इचार.”

“मला मानवतं,” अप्पा फोनवरून तोंड न काढता म्हणाले.

परभणीच्या त्या दवाखान्यात मुलांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. सहा खाटा, बहुतेक भरलेल्या. दाराजवळच्या टेबलाशी बबिता नावाच्या सिस्टर बसत. उंच, पायात पांढरे बूट, आणि मानेनंच हुकूम द्यायची सवय. त्यांनी ऋतुजाच्या उशाशी एक ट्रे आणून ठेवला. त्यात भरून ठेवलेल्या सुया, एक छोटा मास्क आणि नळी.

“हे सगळं तिला द्यायचं?” मी विचारलं.

“न्हाई बाबा, हे लागलंच तर. लागू नये म्हणून आणून ठेवायचं. तुमी कोण?”

“हे बघणारे हायत,” ऋतुजा म्हणाली.

सिस्टरनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “बघणारे, नीट ऐका. अंगावर लाल चट्टे, गांधी. खाज. तोंड, ओठ, डोळे सुजणं. शिंका, खोकला, दम. उलटी, पोटात दुखणं. लेकरू गप झालं किंवा घाबरलं तरी. यातलं काहीबी दिसलं की हाक मारायची. शंका आली तरी मारायची. डॉक्टरबाई शेजारच्याच खोलीत हायत.”

मी हे पाठ केलं. 

मांडीत इंजेक्शन दिलं. ऋतुजा ‘अयाई गं’ म्हणून ओरडली आणि लगेच म्हणाली, “झालं? बघा आजोबा, सुरू करा.” मी खुर्ची ओढून बसलो आणि बघायला सुरुवात केली.

सिस्टर पलीकडच्या खाटेवर सलाईन लावायला गेल्या तेवढ्यात वहिनींनी डबी उघडली. कपाळावर तीन बोटांनी तीन पट्टे ओढले. मग गळ्याला. मग बाह्या वर सरकवून दोन्ही दंडांपासून मनगटापर्यंत, पोटावर, पाठीवर, पोटऱ्यांवर. भस्म चांगलं जाड लावलं, एक बोट जागा सोडली नाही. ऋतुजा निवांत हात पुढे करून बसली होती, तिला सवय होती. शेवटी माझ्याही कपाळावर तीन पट्टे आले.

“तुमची नजर लागू नये म्हणून,” वहिनी म्हणाल्या. “तासभर बघणार तुमी.”

एवढं करून त्यांनी डोळे मिटले आणि जप सुरू केला. अप्पा खिडकीशी जाऊन कुणाला तरी साखरेचा भाव विचारू लागले. पत्रात लिहिलं होतं तसंच सगळं चाललं होतं. आता काय तो मीच उरलो.

पहिल्यांदा ऋतुजा शिंकली.

मी उठलो. हाक काही तोंडातून निघाली नाही म्हणून चालत टेबलापर्यंत गेलो आणि सिस्टरच्या कानाजवळ सांगितलं, “शिंकली.”

सिस्टर धावत आल्या. बघितलं, छातीला नळी लावून ऐकलं. “भस्म गेलंय नाकात,” त्या म्हणाल्या. “असू दे. पण बाबा, चालत येऊ नका. तिथूनच हाक मारा.”

दुसऱ्यांदा मनगटाजवळ लाल रेघ दिसली. मी परत चालत गेलो. तो खाटेच्या कठड्याचा वळ होता. तिसऱ्यांदा तिचा एक कान लाल झाला होता. तो आजीनं माकडटोपी काढताना टोपीसकट ओढला होता. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई, सरजाबाई, पदर तोंडाला लावून हसू लागली.

“बाबा, माझ्याबी पोराकडं एक नजर टाका की. त्याचं नाक जन्मापासून लाल हाय.”

चौथ्यांदा खाज सुटली. पण ती मला. आधी मानेला, मग पाठीला, मग दोन्ही कोपरांना. मी ते लपवायचा प्रयत्न केला, पण खुर्चीत बसून पाठ खाजवणं लपत नाही. ऋतुजानंच हाक मारली : “सिस्टर! आजोबांना औषध मानवलं न्हाई!”

सगळा वॉर्ड हसला. सिस्टरनी खरंच माझी बाही वर करून बघितलं, जीभ बाहेर काढायला लावली. “काही न्हाई. मनातली खाज हाय ही,” त्यांनी निदान केलं. “पाणी प्या.”

पाणी पिताना मी मनाशी ठरवून टाकलं, की आता पक्की खात्री झाल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही. चार वेळा हसं झालं तेवढं पुरे. हे ठरवलं ते चुकलं, पण तेव्हा मला तो शहाणपणा वाटला.

ऋतुजाला कंटाळा आला होता. “तुमी नुसतं बघता. मी काय करू?”

“गोष्ट सांग,” मी म्हणालो. “तू सांगत राहिलीस तर मला बघायला सोपं जाईल.”

तिनं मास्क हनुवटीवर ओढला, बैठक मारली आणि गोष्ट सुरू केली. पूर्णपणे स्वतःची, तिथल्या तिथे बनवलेली. एका उंदराला शाळेत नाव घालायचं असतं. शाळा म्हणते, तू उंदीर असल्याचा दाखला आण. उंदीर तहसील कचेरीत जातो. तिथं टेबलामागे एक रेडा बसलेला असतो.

उंदराचा आवाज ती बारीक, नाकातून काढायची : “साहेब, माझा दाखला.” रेड्याचा आवाज पोटातून : “रहिवासी कुठला?” “बिळातला.” “बिळाचा उतारा आण.” उंदीर उतारा आणतो. “याच्यावर तुझ्या बापाचं नाव न्हाई.” “बापाला मांजरानं खाल्लं साहेब.” “मग मांजराचा जबाब आण.”

इथे सरजाबाई हसून खाटेवर लवंडली. सलाईन लावलेला मुलगा एक हात वर धरून हसत होता. अप्पांनी फोन खिशात घातला होता. महादेवीवहिनींचे डोळे मिटलेले होते, पण ओठ जपाच्या मधेच थरथरत होते.

“मांजराचा जबाब मिळंना म्हणून उंदीर परत रेड्याकडं गेला,” ऋतुजा सांगत होती. रेड्याचा आवाज आता भलताच छान जमला होता. जाड, खरखरीत, खोल विहिरीतून आल्यासारखा. “साहेब बाहेर गेलेत, असं रेडा म्हणला. साहेब तर तुमीच हाव, असं उंदीर म्हणला. मी जेवायला गेलोय, असं रेडा म्हणला.”

लोक हसत होते. तिनं घसा खाकरला. मीही हसलो, आणि हसता हसता मला काहीतरी खटकलं. पुस्तकात एखाद्या ओळीवर आपण थांबतो, मागं जातो, तसं झालं. ‘साहेब तर तुमीच हाव’ हे वाक्य उंदराचं. ते तिनं रेड्याच्या आवाजात म्हटलं होतं.

मला वाटलं, उंदीर रेड्याची नक्कल करत असेल. गोष्ट तिची आहे, तिनं मुद्दाम केलं असेल. लिहिणाऱ्याचं काही चुकलं असं वाटलं तर आधी आपल्याच वाचण्यात दोष बघावा, हे मी आयुष्यभर पाळत आलो. मी आणखी दोन वाक्यं थांबलो.

“मग उंदराची आई बोलली,” ती म्हणाली, आणि उंदराची आईसुद्धा रेड्यासारखीच बोलली.

“सगळं खानदानच रेड्याचं निघालं!” सरजाबाई ओरडली. परत हशा.

“ऋतुजा,” मी म्हणालो, “आता कोण बोलतंय?”

“उंदीर,” ती म्हणाली. जाड आवाजात. आणि हसायला गेली तर हसू निघालं नाही, खोकला निघाला. तिनं गळ्याला हात लावला. डोळे माझ्याकडे.

तिच्या गळ्यावर, हातावर मी बघितलं. सगळं पांढरं. भस्माखाली काय आहे ते दिसायला जागाच नव्हती. खात्री कशाचीच नव्हती. सिस्टर तिकडे दाराशी पाठमोऱ्या, दोन खाटांवर लोक हसतायत, अप्पा ‘मग पुढं? मग पुढं?’ करतायत. चालत जायला वेळ नव्हता. मी उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि ‘सिस्टर’ ही सराव केलेली हाक आलीच नाही. आयुष्यात मोठ्यानं म्हणायचा एकच शब्द माझ्या घशाला माहीत होता. तो वाचनालयाच्या भिंतीवर लिहिलेला होता आणि नोकरीत पाच-सहा वेळा मी तो प्रत्यक्ष उच्चारलाही होता.

“शांतता!” मी ओरडलो. “शांतता राखा!”

काय आवाज निघाला तो माझा मलाच माहीत नाही. वॉर्ड जागच्या जागी गप झाला. पोरं गप, बाया गप, वहिनींचा जप थांबला. खालच्या मजल्यावर कुणीतरी जिना उतरता उतरता थांबल्याचंही ऐकू आलं.

आणि त्या शांततेत सगळ्यांना ऋतुजाचा श्वास ऐकू आला. बारीक शिट्टी वाजत होती. आत जाताना एक, बाहेर येताना एक.

बबिता सिस्टर दारापासून खाटेपर्यंत कशा आल्या ते मी बघितलं नाही. त्या आलेल्याच होत्या. “डॉक्टर!” त्यांनी हाक मारली. ती ऐकून मला कळलं, हाक अशी मारतात. त्यांनी ट्रेमधली भरलेली सुई उचलली. डॉक्टरबाई आल्या, चष्मा हातातच. एक नजर टाकली, मान हलवली, आणि सुई दुसऱ्या मांडीत गेली. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. सलाईन. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा.

“अंगावर काय आहे हे? पुसा. मला कातडी बघायचीय.”

सिस्टरनी ओला कापूस घेतला. पण त्याआधी महादेवीवहिनी पुढे झाल्या. त्यांनी आपला पदर पाण्यात बुडवला आणि नातीच्या हातावरचं भस्म खसाखसा पुसून काढलं. खाली सगळा हात गांधींनी भरलेला होता. लाल, फुगीर, एकमेकींत मिसळलेल्या. गळ्यावर तशाच, पोटावर तशाच.

“माझ्या बाई,” वहिनी म्हणाल्या. “मीच झाकलं की गं.”

 मी खुर्चीला धरून उभा होतो. सगळे ऋतुजाच्या छातीकडे बघत होते, तासभर कुणीच बघितलं नव्हतं तसं. अप्पांचा खिशातला फोन वाजला. त्यांनी तो बाहेर काढून न बघताच सरजाबाईच्या हातात दिला, आणि सरजाबाईनं पलीकडच्याला सांगून टाकलं, “साखर नगं आमाला.”

शिट्टी हळूहळू बारीक झाली, मग अधूनमधून, मग नाही. ऋतुजाचे हात थरथरत होते. “माझं काळीज लय पळायलंय,” ती मास्कमधून म्हणाली.

“पळू दे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ते औषधानं होतं, थांबेल थोड्या वेळानं. बोल बरं परत.”

“काय बोलू?”

“उंदीर काय म्हणाला?”

ऋतुजानं विचार केला. “साहेब, माझा दाखला,” ती म्हणाली. आवाज चिरका होता, दमलेला होता, पण बारीक होता. 

तिला उद्यापर्यंत ठेवून घ्यायचं ठरलं, कारण असला त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो. सगळं स्थिरस्थावर झाल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना बाजूला घेतलं. वहिनी मान खाली घालून उभ्या होत्या.

“भस्मानं झालं का बाई?”

“नाही हो. औषधानंच झालं. भस्मानं फक्त दिसलं नाही. पुढच्या वेळी कपाळाला लावा, बाकी अंग मोकळं ठेवा.”

“आणि वांगं?” अप्पांनी विचारलं.

“वांग्यानं काय केलंय?”

“तेच मी म्हणायलोय,” अप्पा वहिनींकडे बघून म्हणाले.

“पण आता हे औषध तिला परत द्यायचं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि आम्हा तिघांचे चेहरे उतरले. औषधं पुरी व्हायला पाहिजेत, हेच तर आम्ही धरून बसलो होतो. “थांबा, पुढचं ऐका. हे औषध एका जंतूपासून बनवतात. तिच्या शरीरानं त्याला ओळखून ठेवलंय. तेच काम करणारं, पण दुसऱ्या जंतूपासून बनवलेलं औषध मिळतं. मी संभाजीनगरच्या डॉक्टरांशी बोलले. ते मागवून पाठवतायत. उपचार अर्धवट राहणार नाहीत.”

अप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. जरा वेळ लागला त्याला. मग त्यांच्यातला दुकानदार परत आला. “मंजे हा त्या जंतूचा चुलतभाऊ.”

“तसं म्हणा.”

“आन् चुलतभावानंबी भांडण काढलं तर?”

“बहुतेक नाही काढत. पण काढू शकतो. म्हणून परत तासभर बघायचं. या बाबांनाच आणा.”

मी म्हणालो, की माझ्याबद्दल त्यांचा काहीतरी गैरसमज झालाय. मी तीन वेळा चुकीचं सांगितलं, चौथ्यांदा खाज मलाच सुटली. पाचव्यांदा बरोबर होतं तर दोन वाक्यं थांबलो. ती दोन वाक्यं थांबायला नको होतं. शिवाय हाकसुद्धा चुकीची मारली.

“थांबलात ते वाईट केलंत,” बबिता सिस्टर सरळ म्हणाल्या. “पुढच्या वेळी थांबू नका. खात्री करायला आमी हावोत, तुमी फक्त शंका घ्या. ती तुमाला चांगली येती.”

शंका चांगली येते, असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

ऋतुजा घरी आली. दोन दिवस मी तिच्या दारात गेलो नाही, उगाच मला सर्दी वगैरे असली तर तिला लागायची, म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं खिडकीतून हाक मारली. आमच्यामध्ये फक्त रस्ता.

“पुस्तकवाले आजोबा! नवीन औषध आलंय. गुरुवारी जायचंय.”

“बरं झालं.”

“माझ्या पत्राचं उत्तर?”

“अगं, आता काय उत्तर. मागच्या वेळी तर आलो होतो.”

“ते आमच्या आजोबांनी जीपमधी घालून आणलं तुमाला. त्याला येणं म्हणत न्हाईत. मी इचारलं होतं, याल का. लेखी पायजे. पोस्टानं.”

“समोरच्या घरातून समोरच्या घरात?”

“मी पोस्टानंच पाठवलं होतं,” ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

उशीखालचं पत्र काढून वाचलं. त्यात मी माझ्या अडचणी सविस्तर मांडल्या होत्या. चांगली मांडणी होती. ते बाजूला ठेवून नवा कागद घेतला. सरकारी होणार नाही आणि लाडीकही होणार नाही इतकं लहान लिहायचं, म्हणजे चुकायला जागा कमी. बराच वेळ लागला. शेवटी एवढं झालं :

‘चि. ऋतुजा, गुरुवारी येतो. शंका आली की लगेच ओरडेन. काय ओरडेन ते आत्ता सांगता येत नाही. बन्सीधर.’

पाकीट घेऊन पोस्टात गेलो. पोस्टमन महारुद्र टपाल लावत बसला होता. त्यानं पाकिटावरचा पत्ता वाचला, मग मागं पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला, मग माझ्याकडं बघितलं.

“काका, मी तिकडंच निघालोय. हातात द्या की.”

“नाही. पेटीत टाकतो. शिक्का बसून जाऊ दे.”

“आवो, हे पूर्णेला जाईल, तिथून फिरून माझ्याकडंच येईल, आन् मी तुमच्या दारासमोर सायकल लावून समोर देईन.”

“गुरुवारच्या आत येईल ना?”

“येईल. न्हाई आलं तर मी जाऊन आणतो. पण हे काय खूळ हाय?”

मी बाहेर आलो. लाल पेटीच्या तोंडाशी पाकीट धरलं. ‘ओरडेन’ हा शब्द फार झाला का, असं वाटलं. ‘हाक मारेन’ बरं दिसलं असतं. पण तेवढ्यात पाकीट आत गेलं. बोटं घालून ते परत काढता येतं का, हे मी बघितलं. येत नाही.